कप्तानांचा वाफा

त्यांना सगळे कप्तान म्हणत, आणि उभ्या आयुष्यात ते धक्क्यापलीकडे गेले नव्हते. होडी हलली की त्यांच्या पोटात ढवळायचं. पण काठावरच्या निम्म्या होड्या त्यांनी रंगवल्या होत्या, आणि त्या होड्यांना पोहायलाही आपणच शिकवलं अशा थाटात ते बोलत.

काम सुटल्यावर त्यांनी घरामागे, खाडीच्या कडेला, पालकाचा वाफा केला. पाच वर्षांची नात तिथला पालक कच्चाच खायची आणि बाजारातला दिसला की नाक मुरडायची. कप्तानांची छाती फुगायची ती याच गोष्टीने.

सून माती तपासायच्या प्रयोगशाळेत होती. खाडीकाठची माती तपासायचं निघालं, तेव्हा तिने घरचा वाफाही सोडला नाही.

"जगातली माती संपली वाटतं," कप्तान म्हणाले, पण आपली नवी पत्र्याची बादली त्यांनीच पुढे केली.

निकाल आला. जस्त बेसुमार, शिसंही चढलेलं. सून चक्रावली, मग तिची नजर बादलीवर गेली. जस्ताचा मुलामा दिलेली, चकचकीत. घाईत तिने माती त्यातच कालवली होती.

"म्हणजे तू माझी बादली तपासलीस." हा विनोद कप्तानांनी दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना पुरवला.

सुनेने तो हसत गिळला आणि प्लास्टिकचा डबा घेऊन पुन्हा माती काढली. जस्त उतरलं. शिसं मात्र जागचं हललं नाही.

"आता डब्यात शिसं असेल," कप्तान म्हणाले.

"बाबा, इथे आधी खड्डा होता ना? कशाने भरलात?"

कप्तानांची नजर वाफ्याकडे गेली. होड्यांवरून खरवडलेल्या जुन्या रंगाचे पोपडे त्यांनीच पोती भरभरून आणून ओतले होते. फुकटची भर, वर दोन बोटं चांगली माती.

"शिशाचा रंग टिकायचा गं."

"टिकलाय की," सून म्हणाली. मग आवाज उतरला. "लहान मुलांना तेच सगळ्यात वाईट. उद्या हिचं रक्त तपासून घेऊ."

नात वाफ्यात वाकली होती. कप्तानांनी तिच्या मुठीतलं पान सोडवलं. तिने भोकाड पसरलं, तरी त्यांनी पालक मुळासकट उपटायला सुरुवात केली.

रक्ताचा निकाल बरा आला. त्या दिवशी कप्तान पहिल्यांदा नीट जेवले, आणि हात धुता धुता म्हणाले, "गच्चीवर कुंड्या मांडू. माती तू आण. तपासलेली."

"आणते. कशात आणू?"

"बादली सोडून कशातही."