नव्या बॅटरीची पूजा

"तिने हात लावायलाच नको होता," गाडीच्या मागे उभी राहून आत्या तळमजल्यावरच्या काकूंना म्हणाली. म्हणाली हळूच, पण माझ्या बाजूची काच अर्ध्यावर अडकली होती, त्यामुळे मला नीट ऐकू आलं. मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन आई बसली होती. तिलाही आलं असणार. मी आरशात पाहिलं. ती पुढच्या सीटच्या कव्हरकडे बघत होती.

मी परत चावी फिरवली. टिक-टिक-टिक. डॅशबोर्डवरचे दिवे मंद होऊन गेले. दारांची लॉकं आपोआप खाली-वर झाली. घड्याळ पुन्हा शून्यावर आलं.

बाबा गेल्यापासून गाडी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसती उभी होती आणि बॅटरी पार उतरली होती. आदल्या दिवशी माणूस बोलावून नवी बसवून घेतली, कारण आई पहिल्यांदाच घराबाहेर पडायला तयार झाली होती. फार लांब नाही, दिंडोशीला, मावशीकडे. जेवून परत यायचं.

नवीन वस्तू आली की आमच्याकडे तिला हळद-कुंकू लावतात. फ्रिजला लावलंय, मिक्सरलाही. काल आई स्वतः वाटी घेऊन खाली आली. बाबा गेल्यापासून तिने कुंकवाला बोट लावलं नव्हतं. आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, दिवसकार्यापासून आमच्याकडेच राहत होती. "अगो, पोरीला लावू दे ना," ती म्हणाली. आईने ऐकलं नाही. वाकून तिने बॅटरीच्या दोन्ही टोकांना ओलं कुंकू लावलं आणि वर अक्षता टाकल्या. बॅटरीवाला घाईत होता. "झालं ना मावशी?" म्हणत त्याने वायरी जोडल्या, गाडी एकदा चालू करून दाखवली आणि गेला.

मी बाजूला उभी होते. मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. त्या दिवसांत माझं सगळंच तसं होतं. भाजीत मीठ नाही हे दुसरं कुणी म्हणालं की कळायचं.

"अल्टरनेटर गेला," तळमजल्यावरचे काका बोनेटवर टकटक करत म्हणाले. "नाहीतर बॅटरीच जुनी, वर स्टिकर नवा. वाट लागली समज."

"तुम्ही आधी आपल्या घरची बेल दुरुस्त करा," काकू म्हणाल्या.

आत्या खिडकीशी आली. "चल गो वर. वर्ष होईपर्यंत घरातच बरं. बघितलंस ना आता?"

आई दाराचं हँडल शोधायला लागली.

माझी वाक्यं आधी इंग्रजीत तयार होतात. मराठीत येईपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो. आई आज वर गेली तर पुन्हा खाली येणार नाही, एवढं मात्र मला कळत होतं. मी बोनेटचा खटका ओढला आणि उतरले.

फोनवरच्या व्हिडिओतला माणूस सांगत होता, आधी सगळ्यात साधी गोष्ट बघा, बॅटरीवर वायरी धरून ठेवणारे क्लॅम्प हाताने हलवून बघा. काळ्या वायरीचा हलला नाही. लाल वायरीचा गोल फिरला. डिकीतून बाबांचा दहा नंबरचा पाना आणला. आधी काळी वायर सोडवली, मग लाल. क्लॅम्प आणि टोक यांच्यामध्ये तांदळाचा एक दाणा चेपून बसला होता, कुंकवाने लाल झालेला. नट आवळलेला होता, पण क्लॅम्प दाण्यावर तिरका बसला होता; काल एकदा गाडी चालू झाली आणि मग तो सरकला असणार. दिवे लागण्यापुरता करंट जात होता, इंजिन फिरवण्याइतका जात नव्हता.

दाणा नखाने काढला, टोक पुसून कोरडं केलं, वायरी परत आवळल्या. चावी फिरवली. गाडी चालू झाली. काच पूर्ण वर गेली.

"काय झालं होतं?" आत्याने विचारलं.

दाणा माझ्या तळहातावर होता. 'नट सैल होता' हे वाक्य तयार होतं. छोटं होतं, सगळ्यांना पटलंही असतं. पण आई गाडीतून उतरून माझ्या शेजारी उभी होती आणि तिने दाणा पाहिला होता. तिने हात पदराखाली घेतला. आत्यानेही पाहिला. बोलायला तिने तोंड उघडलं.

"बॅटरीवाल्याने अक्षता न झटकताच क्लॅम्प लावला," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. "आई, वाटी घेऊन ये. या वेळी बॅटरीच्या वरच्या झाकणावर लाव. मग निघू."