नोव्हायमधला वेगळा विदर्भ

वेगळा विदर्भ सगळ्यांत आधी कुठे होऊ घातला होता, असं कुणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगेन : मिशिगनमध्ये, नोव्हाय गावात, काकांच्या बेसमेंटमध्ये. ऐंशीच्या दशकात त्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहत होतो, म्हणून ठाऊक. काका मूळचे नागपूरचे. दिवसभर मोटारींच्या ब्रेकची परीक्षा घ्यायचे आणि संध्याकाळी मराठी मंडळाची. दिवाळीच्या जेवणात आमटी गोड निघाली, हा विदर्भावर अन्याय. नाटकात पुण्याची माणसं जास्त, हाही अन्यायच. बर्फ उपसताना ते शेजारच्या अमेरिकनाला नागपूर करार समजावून सांगत, आणि तो बिचारा सुटका व्हावी म्हणून यांच्या दारातलाही बर्फ उपसून देई.

शेवटी मंडळातल्या विदर्भ शाखेला स्वराज्य हवं, दिवाळी वेगळी आणि रस्सा वेगळा, अशी मागणी त्यांनी लावून धरली. अध्यक्ष कंटाळून म्हणाले, घ्या सार्वमत, पण मत फक्त वैदर्भीयांना. आता वैदर्भीय घरं होती तीन. त्यांतलं एक तर काकांशी बोलतच नव्हतं. पण काका डगमगले नाहीत. बाईचं गाव म्हणजे तिचं माहेर, असा नियम त्यांनी करून टाकला आणि पुण्या-मुंबईच्या घरांत दिलेल्या विदर्भाच्या पाच लेकी एका फटक्यात मतदार झाल्या. स्वतः टाइप केलेली यादी त्यांनी मोठ्या ऐटीत, मंडळ जिथे भरायचं त्या शाळेच्या कॅफेटेरियात चिकटवली.

काकूंनी ती शांतपणे वाचली. काकू माहेरच्या पुण्याच्या, पण त्या पाच लेकींना नागपुरी वडाभात शिकवला तो यांनीच.

"अहो, यात माझं नाव नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या राज्यात मी पाहुणी का?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. नियम बदलावा तर पाच मतं जातात, ठेवावा तर बायको. मतदानाला नाव पुकारल्यावर ते कोरी चिठ्ठी घेऊन मतांच्या डब्याकडे निघाले, मध्येच वळले आणि चहा गाळणाऱ्या काकूंसमोर उभे राहिले.

"हे तू लिही. तुला मत नाही, तर मला तरी काहून पाहिजे?"

काकूंनी ‘नको’ लिहिलं आणि स्वराज्य एका मताने पडलं. आम्ही पोट धरून हसलो. काकाही हसले.

आता त्या माणसाची फार आठवण येते. तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांना इथे अमेरिकेत अजून मत नव्हतं आणि भारतातलं मागे राहिलं होतं. इतक्या वर्षांनी हाती आलेलं एकुलतं एक मत, आणि काकांनी ते काकूंना देऊन टाकलं.