काकूंच्या वतीने मी दिलेलं उत्तर

वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेणारं माणूस आळशी असतं, असं तुम्हाला वाटतं का? खरं सांगा. मला तसं कधी वाटलं नाही, आणि त्याचा मला गर्व होता. पुढे माझ्या हातून जे झालं ते त्या गर्वातूनच झालं.

२०१६ साली मी ऑकलंडमध्ये शिकत होते आणि ईस्ट टामाकीजवळ एका मराठी घरात खोली घेऊन राहत होते. काका-काकू माझे नात्याने कोणी नव्हते, पण महिन्याभरात ती दोघं मला रागवायला लागली, म्हणजे घरचीच झाली. काकू मूळच्या डोंबिवलीच्या. इथे एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर त्या आठ-आठ तास उभ्या असायच्या. त्यांचा उजवा गुडघा पार झिजला होता. गुडघ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन उतरल्याशिवाय गुडघा बदलणार नाही. वजन उतरवायला चालावं, तर गुडघा चालू देत नव्हता. म्हणून पोट लहान करण्याचं ऑपरेशन. सरकारी रुग्णालयाच्या यादीत त्यांचा नंबर लागायला दीड वर्ष गेलं. लाइनवर उभं राहणं जमेनासं झालं की नोकरी जाणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. बोलत कोणी नव्हतं.

मी मात्र सगळ्यावर बोलायचे. माझे आईवडील चळवळीतले. आमच्या घरी मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांवर. शाळेतून आल्यावर पत्रकांच्या घड्या घालणं हे माझं काम होतं. त्यामुळे माझं बोलणंही तसंच झालं: आधी अन्याय, मग त्याचं कारण, मग आवाहन. काकूंच्या जेवणाच्या टेबलावर मी बाईच्या शरीरावर बोलायचे, डाएटच्या धंद्यावर बोलायचे, मासिकांतल्या बारीक कंबरांवर बोलायचे. काकू ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पत्रक वाटून झालं असेल तर कोशिंबीर वाढ."

ऑपरेशनची तारीख आली तेव्हा रुग्णालयाने एक पुस्तिका दिली. ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे जेवण बंद. दिवसातून तीनदा पावडरचं पेय, वर थोड्या पालेभाज्या, पातळ सूप, पाणी. भात, पोळी, बटाटा, साखर, फळं, काही नाही. काकांनी डबे आणून ओट्यावर रांगेत लावले. व्हॅनिला, चॉकलेट आणि कॉफी.

"कॉफीचं बरं लागतं," काकू पहिल्या दिवशी म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं." पाचव्या दिवशी डोकं धरून बसल्या होत्या.

मला संताप आला. मला वाटलं, ही परीक्षा आहे. जाड बाईने आधी उपाशी राहून आपली लायकी सिद्ध करायची, मग तिला उपचार मिळणार. मी हे काकूंना सांगितलं, अगदी ठणकावून. "तुम्ही आठ तास उभ्या राहून काम करता. तुम्हाला कसली शिक्षा देतायत हे? आणि ही पावडर विकून पैसे कोण कमावतंय, ते बघा."

"अगं, पण त्यांनी लिहून दिलंय ना."

"लिहिलेलं सगळं खरं असतं का?"

मी ती पुस्तिका वाचलेली नव्हती. वरवर चाळली होती. पावडर कशासाठी, हे तिच्या चौथ्या पानावर चार ओळींत दिलं होतं, चित्रासकट. पत्रकांवर वाढलेल्या मुलीने ते एक पत्रक वाचलं नाही, कारण ते दुसऱ्या बाजूचं आहे असं तिने आधीच ठरवलं होतं.

आठव्या दिवशी संकष्टी होती. काकू दर संकष्टी करायच्या. त्या सकाळी मला म्हणाल्या, "आज उपासाचं थोडं खाल्लं तर चालेल का गं? ते काही जेवण नव्हे."

मी उपास मानत नाही. आमच्या घरी उपासाच्या विरोधात दोन रंगांत छापलेलं पत्रक होतं. पण त्या दिवशी मी उपासाच्या बाजूने उभी राहिले, कारण समोर रुग्णालय होतं. "चालेल काय, खायलाच हवं," मी म्हणाले आणि स्वतः साबुदाण्याची खिचडी केली. दाण्याचं कूट घसघशीत, बटाटा, वरून तूप. काका कामावर गेले होते. काकूंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला तेव्हा फार बरं वाटलं. एका बाईला मी तिचं अन्न परत मिळवून दिलं, असं काहीतरी माझ्या मनात आलं होतं.

एकदा दार उघडल्यावर ते उघडंच राहिलं. दुसऱ्या दिवशी उकडलेला बटाटा. मग वरण-भाताचे चार घास. मग थालीपीठ, लोण्याबरोबर. काका घरी असले की पावडर, नसले की मी. काकू मधून मधून म्हणायच्या, "नर्सला एक फोन करून विचारूया का?" मी म्हणायचे, "ती काय सांगणार ते ठरलेलंच आहे."

ऑपरेशनच्या सकाळी काकांनी आम्हाला रुग्णालयात सोडलं आणि ते गाडी लावायला गेले. आत नर्सने "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून काकूंना पलंगावर बसवलं. फॉर्मवर एकेक खूण करत ती प्रश्न विचारत होती. औषधं, अ‍ॅलर्जी, शेवटचं पाणी कधी प्यायलात. दुभाषी हवा का, असंही तिने विचारलं. मी हसून नको म्हणाले, मी आहे ना. खरं तर काकूंना इंग्रजी येत होतं. कारखान्यात त्या दिवसभर तेच बोलायच्या, सावकाश, शब्द जुळवत. फक्त मी जास्त भरभर बोलायचे.

मग तिने विचारलं, "पावडरचं कसं जमलं? दोन आठवडे पूर्ण पाळलंत?"

काकूंनी माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. "अ‍ॅक्च्युअली," एवढं त्या म्हणाल्या.

आणि मी मध्ये पडले. इंग्रजीत म्हणाले, "त्यांनी खूप छान पाळलंय. काहीच अडचण नाही."

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या भाषेत 'मस्तच', नर्स म्हणाली आणि तिने खूण केली.

मी का बोलले? त्यांना कोणी खाण्यावरून हिणवू नये म्हणून, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की खिचडी मी केली होती.

दीड तासाने सर्जन बाहेर आले. फारच लवकर आले, हे काकांच्याही लक्षात आलं. ते सौम्यपणे बोलले. जठराच्या वर लिव्हरचा एक भाग असतो. जठरापर्यंत पोचायला तो उचलून धरावा लागतो. आहार बदलला की दोन आठवड्यांत लिव्हरमधली चरबी कमी होते, ते लहान आणि मऊ होतं. पावडर त्यासाठी असते. काकूंचं लिव्हर मोठं आणि जड होतं, उचलताना फाटून रक्तस्राव झाला असता. म्हणून कॅमेऱ्याने पाहून त्यांनी ऑपरेशन तिथेच थांबवलं होतं. "पथ्य पाळूनही असं कधी कधी होतं," ते म्हणाले.

पाळूनही. मी उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी मान हलवली.

काकू शुद्धीवर आल्यावर त्यांनी मराठीत विचारलं, "झालं?" पोटावर चार छोट्या पट्ट्या होत्या, त्यांना वाटलं असणार की झालं. काका खिडकीकडे वळले. सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं. त्या छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाणी दे."

नंबर पुन्हा यादीत मागे गेला, आणि त्याच्या मागे गुडघा. काकू कामावर परतल्या. सुपरवायझरने त्यांचे तास निम्मे केले. त्या लाइनच्या कडेला एका पेटीला टेकून उभ्या राहायच्या आणि संध्याकाळी घरी आल्या की बूट काढायला मला हाक मारायच्या. मी बूट काढायचे.

सर्वांत वाईट मात्र एका रविवारच्या जेवणात घडलं. घरी पाहुणे होते, काकांच्या ऑफिसमधलं एक पुण्याचं जोडपं. विषय निघालाच. पथ्य मोडलंच असणार, असं धरून त्या बाई म्हणाल्या, "दोन आठवडे फक्त. तेवढं तोंड आवरायला हवं होतं." काका हसत म्हणाले, "हिला खायला दिसलं की झालं." चेष्टाच होती ती. पण काकूंच्या हातातली पोळी हातातच राहिली. एरवी अशा वाक्यावर मी टेबलावर सभा घेतली असती. त्या दिवशी मी खाली मान घालून आमटी ओरपत होते. मी बोलले असते तर मला सगळंच बोलावं लागलं असतं.

तीन महिने मी तशीच राहिले. मग एका शनिवारी काका अंगणात गवत कापत होते, तिथे जाऊन मी सगळं सांगितलं. संकष्टी, खिचडी, थालीपीठ, नर्सचा प्रश्न, माझं उत्तर. त्यांनी मशीन बंद केलं.

"तिला माहीत आहे, तू मध्ये बोललीस ते?"

"त्या तिथेच होत्या, काका."

त्यांनी हातावरचं गवत झटकलं. मग म्हणाले, "हे त्या दिवशी जेवताना बोलायला हवं होतंस. मी काय बोलून बसलो." आणि मशीन तसंच टाकून आत गेले. आत दोघं काय बोलली, मला माहीत नाही. मला काकू एवढंच म्हणाल्या, "खाल्लं मी. तू काही भरवलं नाहीस. पण माझं उत्तर मला देऊ द्यायचं होतंस गं." हे त्या रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसरी तारीख पुढच्या वर्षी आली. या वेळी पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि मग काकूंसमोर मोठ्याने वाचली. माझं मत न घालता, फक्त वाचली. काकूंनी आधीच्या महिन्यात लहान ताटलीत जेवायची सवय केली, घास बारीक चावायची, जेवताना पाणी न प्यायची. डायटिशियनला त्यांनीच विचारलं, शाकाहारी माणसाने नंतर प्रथिनं कुठून आणायची. संकष्टी पावडरवर केली. "बाप्पाला चालतं, तुझ्या त्या चौथ्या पानाला विचार," त्या म्हणाल्या.

रुग्णालयाच्या दारात त्या मला म्हणाल्या, "तू बाहेर बस." मी बाहेर बसले. नंतर कळलं, नर्सला त्यांनी स्वतःहून सांगितलं की सहाव्या दिवशी अर्धं केळं खाल्लं होतं. नर्सने ते लिहून घेतलं. ऑपरेशन झालं. गुडघ्याला आणखी दीड वर्ष लागलं. मधल्या काळात काकूंची नोकरी गेली. ती माझ्यामुळेच गेली, असं कोणी म्हणालं नाही. वाट पाहण्याचं जे जादा वर्ष त्यांच्या वाट्याला आलं, ते मात्र माझ्यामुळे आलं.

तुमची अशा ऑपरेशनची तारीख लागली असेल आणि पावडरचे दिवस चालू असतील तर एक काम आजच करा. या दिवसांत नेमून दिलेलं सोडून जे काही पोटात गेलं असेल, अर्धं केळं असो की वाडगाभर खिचडी, ते कागदावर लिहा. तुमच्या नर्सला फोन करा आणि ते स्वतःच्या तोंडाने सांगा. इंग्रजी अडलं तर दुभाषी मागा. तारीख पुढे ढकलावी लागली तरी हरकत नाही. तो कागद आणि तो फोन, आज जेवणाची वेळ व्हायच्या आत.