खांद्यावरची चार बोटं

पुलगावात मोतीलालच्या स्टुडिओत नलूला पहिलं काय शिकवलं, तर माणसं गोरी करायला! कापूस वेचून रापलेल्या पोरी स्थळाकडे पाठवायचा फोटो काढायला यायच्या, अन् त्यांना न विचारताच मोतीलाल म्हणायचा, "चेहरा साफ कर." निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. तिथं जे काळं, ते छापल्यावर पांढरं. म्हणून टोकदार पेन्सिलीनं गालावर बारीक टिंबं देत बसायचं, रेघ ओढायची नाही. देवीचे व्रण गेले की मोतीलाल खूश. नलूचा मात्र जीव चरफडायचा. एकदा ती बोललीच, "मोतीलालभाऊ, पोरगी समोर आल्यावर काय तिलेबी पेन्सिल लावाची?"

"तू शिकाले आली का भांडाले?"

दोन्हीला आली होती म्हणा ना! गिरणी कामगाराची मॅट्रिक झालेली पोर. हातात कसब नसतं तर तिचाही असाच धुतलेला फोटो गावोगाव फिरला असता.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात जवळच्या खेड्यातले महादेवराव आले. त्यांचा धाकटा भाऊ लक्ष्मणराव तापानं गेला होता. फोटोत तो काळ्या कोटात खुर्चीवर बसलेला, मागं बायको कोकिळा उभी, तिचा हात त्याच्या खांद्यावर.

"तेरवीले मांडाचा हाय," महादेवराव म्हणाले. "जोडप्याच्या फोटोले हार कसा घालाव? बाई जिती हाय. तिले काढून टाका."

इथवर ठीक. रीतच आहे ती. पण जाता जाता म्हणतात कसे, "अन् हा फोटो मले वापस नको. फाडून टाका."

"काऊन?" नलूनं विचारलं.

"तेरवी झाली का ते माहेरी जाते. मंग तिचं घरात काऊन ठेवाचं?"

जाते म्हणे! हाकलतो म्हणायला जीभ रेटत नाही यांची.

दुसऱ्या दिवशी मोतीलालनं त्या फोटोचा फोटो काढून नवी निगेटिव्ह केली. दुपारी कोकिळा एकटीच एसटीनं आली. दारातच उभी राहिली, डोक्यावर पदर, ओठ कोरडे.

"फोटो फाडला काय वं बाई? घरी तसं म्हनून राह्यले होते."

"नाई."

"तेवढाच हाय. यात्रेत काढला होता. मी लाजत होती, तं त्याइनंच माया हात उचलून खांद्यावर ठेवला." मग एकदम तिचा आवाज चढला. "मले माहेरी धाडतात. कोनं इचारलं मले? मी काय पाहुनी आलती तिथं?"

नलूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं मूळ फोटो काढून सरळ कोकिळेच्या हातात दिला. मोतीलाल बघून न बघितल्यासारखं करत म्हणाला, "हे ठीक. पन गिऱ्हाइकाचं काम झालं पाह्यजे, नलू."

काम तर करणं भागच होतं. निगेटिव्हवर लाल रंग फासला की छापात तिथं कोरं पांढरं उमटतं. नलूनं ब्रशनं कोकिळेचा पदर झाकला, मग चेहरा. आपण कुणाला तरी जितंजागतं पुरतोय असं तिला वाटलं, अन् राग आला तो महादेवरावांचा, मोतीलालचा अन् स्वतःचाही. छापून पाहिलं तर बाई गेली होती, पण कोटावर तिची चार बोटं उरली होती. तिथं लाल लावला तर काळ्या कोटावर पांढरा डाग पडतो, म्हणून ती छापावरच काळ्या रंगानं बुजवायची, एवढंच बाकी. तेही तिला शिकवलेलं होतं. तिनं ब्रश रंगात बुडवला, जरा वेळ तसाच धरला, अन् धुऊन ठेवला. मोतीलाल कागद आणायला वर्ध्याला गेला होता. तिनं फोटो फ्रेमवाल्याकडे दिला.

तेरवीच्या सकाळी फ्रेम पोचवायला तीच गेली. महादेवरावांनी घाईत चेहरा तेवढा पाहिला, पाटावर मांडला, हार घातला. बाया-माणसं पाया पडू लागली. म्हातारी चुलती आनंदाबाई वाकली ती वाकलेलीच राहिली.

"अवं माय! लक्ष्मनच्या खांद्यावर हे कोनाचे बोटं?"

सगळे पुढं सरकले. महादेवरावांचं तोंड उतरलं. "हे का करून ठेवलं तू?" ते नलूवर खेकसले.

"मी नवीन हाव, भाऊ," नलू म्हणाली. "अजून शिकून राह्यली."

आतल्या खोलीत कोपऱ्यात बसवलेली कोकिळा उठून बाहेर आली. आली ती थेट पाटासमोर, सगळ्या गोतासमोर.

"माये हायेत," ती म्हणाली. "अन् मी कुठी जात नाई."