हाशमभाईंनी मेहुणा दुसऱ्या टीमला दिला

कुवेत इराकच्या ताब्यात गेलं, त्या वर्षीचा हिवाळा. रियाधच्या मलाझ वस्तीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय होता, बायकामुलांना गावी पाठवायचं की अल्लाहवर भरवसा ठेवून इथेच राहायचं. तरीही शुक्रवार आला की जुम्म्याची नमाज, मटणाचं जेवण आणि दुपारनंतरची असरची नमाज झाली की शाळेमागच्या सिमेंटच्या मैदानावर बास्केटबॉल, हे काही चुकत नसे. आता ते दिवस आठवले की वाटतं, भीती उशाशी घेऊनही किती मजेत राहत होतो सगळे!

त्या मैदानावर आपल्या कोकणातल्या पोरांची एक टीम होती. ती चालवायचे श्रीवर्धनचे हाशमभाई. नोकरीला एका कंपनीच्या गोदामात. पण मॅनेजर म्हणून हाक मारली की आधी मैदानाकडे बघायचे. गुडघा दुखरा म्हणून स्वतः कधी खेळले नाहीत. कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, हे मात्र त्यांच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावर ठरे.

अल्लाहने त्यांना मूल दिलं नव्हतं. बायकोचा, सुरैयाचा, धाकटा भाऊ उमैर त्यांच्याकडेच राहायचा. ताडासारखा उंच. त्याला कंपनीत चिकटवला हाशमभाईंनी, बॉल हातात दिला तोही त्यांनीच. आणि तोच उमैर त्यांच्यावर रुसून बसला होता.

कारण म्हटलं तर छोटंसं. फिलिपिनो लोकांशी मॅच अगदी रंगात आलेली असताना हाशमभाईंनी त्याला बाहेर बसवलं आणि कॅप्टन कादिरला आत घेतलं. मॅच जिंकली. पण उमैर त्या दिवसापासून प्रॅक्टिसला उशिरा येऊ लागला, घरी ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊ लागला.

"दुल्हेभाईंना फक्त कादिर दिसतो," तो भावोजींबद्दल बहिणीला म्हणायचा. "मला दुसऱ्या टीममध्ये जायचंय. आणि कंपनीच्या क्वार्टरमध्ये पण."

"तुमी त्याला एकदा तरी बरा बोला ना!" सुरैया नवऱ्याला म्हणायची.

"तोंडावर बरा बोललं की नजर लागते," हाशमभाई म्हणायचे. "माज्या बापाने मला कधी बोलला नाय."

आमच्याकडे होतंच तसं. पोराचं कौतुक करायचं ते शेजाऱ्यापाशी, पोर घरात नसताना.

शेवटी हाशमभाईंनी मनाशी ठरवलं, पोर नाखूश राहून टीमही बिघडणार आणि घरही. त्याला हवं तिथे जाऊ दे. पण रुसलेला खेळाडू द्यायचा म्हणजे अवघड काम. रुसवा बाहेर कळला की समोरचा म्हणणार, फुकट दिलात तरी विचार करू. म्हणून सलग तीन शुक्रवार त्यांनी उमैरला पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळवलं, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांत भरावा. उमैरला वाटलं, आता दया दाखवतायत. तो आणखीच फुगला. आणि देऊ का असं स्वतः विचारायला हाशमभाई कुठे गेले नाहीत. कादिरकरवी नुसती पुडी सोडली, उमैर मिळू शकेल म्हणून.

पुडी बरोबर पोचली. बँकवाल्या मराठी मंडळींच्या टीमचे हेमचंद्र साठे एका दुपारी घरी आले. त्यांना उंच माणूस हवाच होता. बदल्यात सुमीत नावाचा चपळ पोरगा द्यायला तयार होते.

"सुमीतला का सोडताय?" हाशमभाईंनी खजुराची बशी पुढे सरकवली.

"खरं सांगू? माझ्याशी पटत नाही त्याचं."

"म्हणजे तुमच्याकडे पण आहे!" हाशमभाई हसले.

"घरोघरी असतो हो एक. तुमच्या उमैरचं काय? डोकं तापट आहे म्हणतात."

मग मात्र हाशमभाई सुटलेच. उमैर बॉलवर कसा झेपावतो, पडला तरी तक्रार करत नाही, त्या फिलिपिनो मॅचला ताप अंगात घेऊन खेळत होता.

"म्हणून तर बसवला त्याला बाहेर. पोर पडला असता तर सुरैयाला काय तोंड दाखवलं असतं? असा खेळाडू मला परत मिळायचा नाय, साठेसाहेब. माजा मुलगा असता तर असाच असता."

साठ्यांनी हात पुढे केला. हाशमभाईंनी धरला. "जबान दिली. खलास."

पडद्याआड चहाचे पेले खडखडले. त्या दिवशी कंपनीत सायरनची तालीम झाली आणि सगळ्यांना लवकर सोडलं होतं. उमैर मागच्या दाराने येऊन स्वयंपाकघरात बहिणीला हातभार लावत होता, हे हाशमभाईंना ठाऊकच नव्हतं.

तो ट्रे घेऊन बाहेर आला. डोळे लाल. "ताप होता म्हणून बसवलंत? मग मला का नाय सांगितलं?"

हाशमभाई बशीतले खजूर उगाच सारखे करत राहिले.

साठे भला माणूस. म्हणाले, "हाशमभाई, मी काही ऐकलं नाही. हात दिलेलाही विसरतो."

हाशमभाईंचा चेहरा क्षणभर उजळला. पण मान हलवत ते म्हणाले, "नाय. जबान म्हणजे जबान." मग उमैरकडे न बघताच, "पण पोराला विचारा. त्याच्या मर्जीबिगर नाय."

उमैरने साठ्यांपुढे पेला ठेवला.

"तुमच्याकडे खेळेन, साहेब. इथे कादिरभाई आहेत तोवर मी दुसराच राहणार, आणि ते बरोबरच आहे. पण क्वार्टर नको मला. राहणार मी आपाच्याच घरी."

सुरैयाने आत जाऊन शुक्राची, म्हणजे आभाराची, दोन रकात नफिल नमाज पढली.

पुढच्या शुक्रवारी एका घरातून दोन रंगांच्या जर्सी निघाल्या. न्याहारीला उमैर साळसूदपणे म्हणाला, "दुल्हेभाई, सुमीतला डाव्या बाजूला उभा करणार ना?"

"पाव खा गप. हेर कुठचा!"

किती दिवसांनी दोघे एका ताटाशी हसले.

मॅच उमैरच्या टीमने जिंकली. शेवटचा बॉल त्यानेच बास्केटमध्ये टाकला, तोही कादिरच्या डोक्यावरून. घरी जाताना दोघे जुन्या डॅटसनमध्ये होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा हाशमभाई समोर बघत म्हणाले,

"तो शेवटचा... चांगला टाकलास."

"काय म्हणालात?" उमैरने ऐकलं होतं.

"काय नाय. काच वर कर, धूळ येतेय."