आमच्या घरातली उष्णता

आमच्या घरात कुणालाही काहीही झालं तरी ती उष्णताच असायची. डोळे आले, तोंड आलं, तळपाय जळले, की सासूबाई म्हणणार, "उश्ण जालां." त्यामुळे पाचव्या महिन्यात मला लघवीला जळजळ सुरू झाली, तेव्हा निदान आधीच ठरलेलं होतं. मी पेडण्याची, साखळीजवळच्या गावात दिलेली. सासूबाईंना सगळं घर मांय म्हणे, म्हणून मीही. मांयने धने-जिरं भिजवलेलं पाणी दिलं, कोवळा आडसर नारळ सोलून त्याचं पाणी दिलं आणि म्हणाली, "पी गो, उतरतलें."

माझ्या पोटाची तिला फार काळजी होती. माझ्या नवऱ्याच्या आधीची तिची दोन मुलं दिवस भरायच्या आतच गेली होती. घरात त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नसे.

पाणी प्यायलं की बरं वाटे. पण प्यायलं की जावं लागे, आणि जायचं म्हणजे मागीलदारी माडाबुडी केलेल्या झापांच्या आडोशाला, तेही आसपास पुरुष नाहीत असं बघून. पुरुष तर त्या दिवसांत घरातून हलतच नसत. गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, हा वाद पेटलेला. सोप्यावर मामंजी मराठीच्या बाजूने आणि शेजारचे कोकणीच्या बाजूने, आणि भांडण मात्र दोघांचंही कोकणीतूनच. मला हसू यायचं आणि रागही यायचा. भाषेवरून एवढे गळे काढणाऱ्या त्या घरात माझं दुखणं बोलायची सोय कुठल्याच भाषेत नव्हती. नवऱ्यालासुद्धा मी 'जरा उष्णता आहे' एवढंच सांगितलं होतं. शेवटी मी पाणीच कमी केलं.

मग फुलं माळायचा, म्हणजे डोहाळजेवणाचा, दिवस आला. डोक्यात अबोलीचे वळेसर माळून पाटावर बसवलं की शेवटच्या सवाष्णीने ओटी भरेपर्यंत उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मागीलदारी आचारी चुलाणं मांडून बसलेला, म्हणजे आडोशाची वाटही बंद. सकाळपासून मी पाण्याचा थेंब घेतला नव्हता, तेवढीच काय ती माझी हुशारी. तरी ओटीपोटात निखारे ठेवल्यासारखं होत होतं. बायका एकामागून एक येत होत्या, गाणी म्हणत होत्या, नारळ-खणांनी माझी ओटी जड होत होती. मी दात आवळून हसत होते. "कितें तेज आयलां पळय तोंडार!" एक मावशी म्हणाली. ते तेज नव्हतं, ताप होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थंडीने कुडकुडत उठले. पाठीत उजव्या बाजूला अशी कळ की श्वास घेववेना, त्यात उलट्या. मांय म्हणाली, दिष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. घरभर तिखट धुराचा खाट उठला, मी खोकून खोकून अर्धी झाले. मग तिने माझ्या पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं आवळून येत होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मीठ-मिरच्यांचं ताट तिथेच टाकून ती मुलावर ओरडली, "गाडी हाड! आतांच्या आतां!"

भाषेच्या आंदोलनामुळे बस बंद होत्या. नवरा खाणीवर कामाला होता, त्याने तिथली जीप आणली. म्हापशाच्या वाटेवर एके ठिकाणी झाड आडवं टाकलेलं, पलीकडे आंदोलनवाले उभे. आता इथेच माझं मूल जाणार, असं मला वाटलं. मांय उतरली, माझ्या पोटाकडे बोट केलं आणि हात जोडून एवढंच म्हणाली, "गुरवार बायल." त्या माणसांनी आम्ही कोणत्या बाजूचे हे न विचारता झाड ओढून बाजूला केलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवी तपासून घेतली. म्हणाल्या, "लघवीत जंतू झालेत, ते वर मूत्रपिंडापर्यंत गेलेत. बाळाचे ठोके ठीक आहेत. इंजेक्शनं सुरू करू. जळजळ होत होती तेव्हाच आला असता तर गोळ्यांवर भागलं असतं."

मी रडायलाच लागले. मांय मात्र खाटेच्या पायथ्याशी तशीच उभी.

"गुळयो आसात ह्या जळजळीक?"

"आहेत ना."

"आनी आंगार काडली जाल्यार भुरगें वता?"

"मूल जाऊ शकतं. नेहमी जातं असं नाही."

"म्हाका दोगांच्याय वेळार अशीच जळजळ आसली."

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तेव्हा काय झालं ते आता कोणीच सांगू शकणार नाही, मांय." मांयने मान हलवली आणि माझ्या पायांवरची चादर नीट केली.

माझी मुलगी पूर्ण दिवसांची जन्मली. त्यानंतर वाड्यावरच्या कुठल्याही सुनेला दिवस गेल्याचं कळलं की मांय तिला हटकायची, पाणंदीत असो की भरल्या सोप्यावर. "मुतताना जळता गो तुका?" भाषेचं भांडण जागच्या जागी थांबायचं. सून लाजेने अर्धमेली व्हायची. मामंजी एकदा खेकसले, "लज ना तुका?"

"हांव लजून गप्प रावलीं," मांय म्हणाली, "म्हजीं दोगांय गेलीं."