हातातला क्लच

"मिस्त्री, ह्यो क्लच पायातनं काढून माझ्या हातात द्या," सुभेदार म्हणाले.

कराडच्या माझ्या गॅरेजसमोर ते जीपला टेकून उभे होते. दोन्ही काखेत कुबड्या. डावा पाय मांडीपासून नव्हता. पासष्टच्या लढाईत सुरुंगावर गेला होता. जीप डिस्पोजलची, म्हणजे फौजेने लिलावात काढलेली. ड्रायव्हर लावून पुण्याहून आणली होती. हूड फाटकं, सीटचा काथ्या बाहेर आलेला, पण इंजिन चांगलं होतं.

मीही फौजेच्या वर्कशॉपमधून सुटून आलेला माणूस. या जीपचा नट नि नट मला पाठ होता. हे फुशारकीने सांगत नाही. बरं, फुशारकीनेच सांगतो. ज्याला येतं त्याने लाजायचं कशाला?

"कुटं न्यायचीय?" मी विचारलं.

"घरी."

घर पाटणच्या पश्चिमेला, सड्यावरच्या वाडीत. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ. वाडीला रस्ता नव्हता. जंगल खात्याच्या हद्दीतून बैलगाडीची वाट जात होती, तीही शेवटच्या चढाच्या पायथ्याला संपायची. पुढे पायवाट. दवाखान्यातून सुटल्यापासून सुभेदार घरी गेले नव्हते. वाडीतली माणसं डोली घेऊन खाली यायला तयार होती. आई वर होती, तिचे गुडघे गेलेले, तिला उतरता येत नव्हतं. लढाईनंतर दोघांची गाठच पडली नव्हती.

"मग डोलीत बसायला काय हरकत हाय?" मी म्हटलं.

"डोलीत आजारी मानूस बसतंय, मिस्त्री. मी काय आजारी न्हाई. त्या वाडीतनं मी माझ्या पायानं भरतीला गेलो. परत येताना चार जनांच्या खांद्यावर? अजून जित्ता हाय मी."

मी पाना उचलला.

क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांची सोडचिठ्ठी करणारी कळ. ती डाव्या पायाने दाबतात. मी कुंडलच्या एका लोहाराकडून नांगराच्या पोलादाचा दांडा घडवून घेतला आणि तो पेडलला जोडून डाव्या हाताशी आणला. दांडा ओढला की क्लच दाबला जायचा. जीप डाव्या स्टिअरिंगची, म्हणून उजव्या हाताला गिअर, उजव्या पायाला ब्रेक आणि अॅक्सिलरेटर. म्हणजे गिअर बदलताना स्टिअरिंगला हातच उरत नव्हता! तेव्हा स्टिअरिंगवर लाकडी मूठ बसवली, एका हाताने गरागरा फिरवायला. पण चढावर एकदा टाकलेला गिअर माथ्यापर्यंत बदलायचा नाही, हे सुभेदारांना बजावून सांगितलं.

मग जीप हलकी केली. हूड, मागची सीट, जादा पत्रे, सगळं उतरवलं. लोकांना वाटतं जंगलात न्यायची गाडी म्हणजे तिच्यावर काहीतरी चढवायचं. अरे बाबा, उतरवायचं! पुढे पाण्याची छागल तेवढी टांगली, कॅनव्हासची पिशवी, रेडिएटर तापला तर घालायला. सुभेदारांनी कृष्णेच्या वाळूत सराव केला. सुरुवातीला जीप बेडकासारखी उड्या मारायची आणि ते मला शिव्या द्यायचे. मीही द्यायचो. हळूहळू दोन्ही बाजूंच्या शिव्या कमी झाल्या.

फॉरेस्टची परवानगी काढायला मीच गेलो. फॉरेस्टर म्हणाला, "जा खुशाल. पण एक झाड तोडायचं नाही. फांदी मोडलेली दिसली तरी जीप जमा करीन."

"मग साहेब, जीपला पंख लावू का?"

"ते तुमचं काम, मिस्त्री. माझं काम झाडं."

माणूस खडूस होता, पण त्याचं चुकलं नव्हतं.

उन्हाळा सरता सरता, वाट कोरडी आहे तोवर आम्ही निघालो. सुभेदार चालवत होते, मी शेजारी. बैलगाडीच्या वाटेने दुपारी चढाच्या पायथ्याला पोचलो. पायवाट झाडांमधून नागमोडी वर जात होती, जीप तिथे मावणं शक्य नव्हतं. झाडं नसलेला एकच पट्टा होता, उघडा मुरूम, सरळ वर गेलेला. अंगावर येणारा चढ! माथ्यावर वाडीतली माणसं जमलेली दिसत होती. सुभेदारांचा चुलतभाऊ बाबू डोली आणि दोर घेऊन अर्ध्यात उतरला होता.

मी चारी टायरमधली हवा थोडी सोडली. मऊ टायर जमीन घट्ट धरतं. गिअरशेजारचा छोटा दांडा लो मध्ये टाकला, त्याने चारी चाकांना जोर मिळतो. पहिला गिअर टाकून सुभेदार निघाले. निम्मा चढ झाला आणि इंजिनाने मान टाकली. मी उडी मारून चाकामागे धोंडा लावला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तिथेच. जीपचं नाक आभाळाकडे, जोर पुरत नव्हता.

बाबू म्हणाला, "दादा, दोर लावून वडतो की. दहा मानसं हायती."

"मढं हाय व्हय रं ही, वडायला?" सुभेदार ओरडले. मग आवाज खाली आला. "मिस्त्री, न्हाई जमत गड्या. न्या माघारी."

आता माझंच डोकं फिरलं. माझ्या हातची जीप अर्ध्या चढावरून परत? आणि तेवढ्यात मला वर्कशॉप आठवलं. या जीपचा रिव्हर्स गिअर पहिल्या गिअरपेक्षाही ताकदीचा. वेग गोगलगायीचा, पण ओढ रेड्याची.

"खाली घ्या आणि फिरवा," मी म्हटलं. "उलटं चढायचं. रिव्हर्समधी."

सुभेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना नथ घालायला सांगितली. "सारा गाव बघतोय वरनं. पाठ दावत गावात शिरू व्हय? आवं, गोळ्यांफुडं पाठ दावली न्हाई मी!"

"पाठ तुमची कुटं, जीपची! आवं, रिव्हर्समधी मानूस तोंड कुनीकडं करतंय? मागं. म्हंजी गावाकडंच. आत्ता सरळ चढताना काय दिसत हुतं तुमाला? आभाळ!"

त्यांनी वर एकवार पाहिलं. मी म्हटलं, "मी घेऊ का वर?"

"हात लावशीला तर बघा."

जीप खाली आली, फिरली. मी उतरून हातात धोंडा घेतला आणि बाजूने चालू लागलो. सुभेदारांनी दांडा ओढला, रिव्हर्स टाकला, मान वळवून माथ्यावर नजर लावली आणि दांडा हळूहळू सोडला. मुरूम कडाकडा वाजला. जिथे दोनदा बंद पडलो ती जागा आली. इंजिन घोगरं झालं. मी धोंडा चाकाजवळ धरला. दांडा ओढला असता तर जोरच तुटला असता, पण सुभेदारांनी त्याला शिवलंसुद्धा नाही. जीप थांबली नाही. चढत राहिली, मुंगीच्या चालीने, पण चढत राहिली, आणि मागची चाकं सड्यावर टेकली. बाबूने डोली तिथेच टाकली आणि नाचायला लागला. मी धोंडा फेकला आणि मीही नाचलो, खोटं कशाला बोलू!

म्हातारी पुढे आली. हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा. फौजेतून पोर घरी आलं की पायावर पाणी घालून, तुकडा ओवाळून टाकायची रीत. सुभेदार बसल्या जागी म्हणाले, "आई, उलटा आलो गं."

"आलास न्हवं?" ती म्हणाली. "पाय फुडं कर."

त्यांनी उजवा पाय बाहेर काढला. तिने पाणी घातलं. तांब्यात निम्मं उरलं होतं. ती तशीच वाकून उभी. दुसरा पाय पुढे यायची वाट बघत, किंवा काय करावं ते न सुचून.

सुभेदारांनी दांड्यावर हात ठेवला. "डावा ह्यो हाय, आई."

तिने उरलेलं सगळं पाणी त्या पोलादावर ओतलं आणि तुकडा जीपसकट त्यांच्यावरून ओवाळला. मला रडू आवरेना, म्हणून मी ओरडलो, "आवं आजी, गंजल की त्यो!"

गंजलाच. पाऊसकाळ सरल्यावर सुभेदार स्वतः जीप चालवत गॅरेजला आले, तेव्हा दांडा तांबडा झाला होता. म्हटलं, नवा घालून देतो. त्यांनी बदलू दिला नाही. तेव्हापासून हातातला क्लच कुणासाठीही केला तरी गॅरेजमधून सोडण्याआधी दांड्याला गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचे दोन हात मारतो. कुठल्या माथ्यावर कुणाची आई तांब्या घेऊन उभी असेल, सांगता येत नाही.